डोनर एकोणीसचं बटाट्याचं सॅलड

आर्डिस टॉलेफसन यांचं पोट आयुष्यात कधी बिघडलं नाही, आणि ही गोष्ट त्या कुणाला विसरू देत नसत. आमच्या प्रयोगशाळेत कुणी पोट बिघडलं म्हणून रजा घेतली, की दुसऱ्या दिवशी हातातला ओला रबरी मोजा ओढून काढत त्या त्याच्या टेबलापाशी हजर.

"काय खाल्लं होतंस?" म्हणायच्या. "पोट म्हणजे शिस्तीचं काम आहे. लाड केलेस की डोक्यावर बसतं."

आणि हे कुठे, तर पोट बिघडवणाऱ्या विषाणूवरच जिथे सगळ्यांची पोटं भरतात अशा ठिकाणी.

मी तिथे आतडी वाढवते. ऐकायला भलतंच वाटतं, पण आहे तसंच. दुर्बीण घालून पोट तपासताना डॉक्टर आतड्याचा चिमूटभर तुकडा काढतात, रुग्णाची हरकत नसेल तर तो आमच्याकडे येतो. मी त्यातल्या पेशी वेगळ्या करते, चिकट रसाच्या थेंबात बसवते आणि उबदार कपाटात ठेवते. काही दिवसांत त्यांचे बारीक पोकळ गोळे होतात. आम्ही त्यांना आतडुली म्हणतो. त्यांना खायला घालावं लागतं, शनिवार-रविवार सुटी नाही, नाताळालाही नाही. मग त्यांच्यावर विषाणू सोडायचा, आणि आत शिरतो कसा, शिरल्यावर आतडं बोंब मारून शेजारच्या पेशींना कसं सावध करतं, ते बघायचं. हा विषाणू हिवाळ्यात शाळेच्या शाळा ओकायला लावतो, पण माणसाच्या आतड्याबाहेर कितीतरी वर्षं वाढायलाच तयार नव्हता. आतडुली आली तेव्हा कुठे हे विषाणूमहाराज रुळावर आले.

आर्डिसबाई आमच्याकडे आल्या त्या गोठा विकल्यावर. नवरा ऑर्व्हिल गेला, मुलगा शहरात गेला, गाई लिलावात गेल्या, आणि दुधाच्या बरण्या धुण्यात जन्म गेलेली बाई प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुवायला लागली. पुढे काच गेली आणि एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक आलं. आर्डिसबाईंच्या लेखी ते पाप होतं. फेकायचे चमचे त्या धुऊन वाळवून परत खणात ठेवायच्या, आम्ही गुपचूप फेकायचो, त्या परत धुवायच्या. पेशींना घालायचं खाद्यपाणी कालवणं आणि निर्जंतुक करायची मोठी वाफेची भट्टी सांभाळणं ही त्यांची खरी कामं. आतडुल्यांना त्या गुरं म्हणत.

"मार्ना, गुरांना घातलंस का?" शुक्रवारी संध्याकाळी कोट चढवता चढवता विचारायच्या. "रविवारी तुझी पाळी आहे. देवाचं काम असो की सैतानाचं, दावणीला बांधलेल्याला उपाशी ठेवायचं नाही."

सत्तरीला टेकल्या होत्या. सेवानिवृत्तीचा विषय कुणी काढला की त्यांना एकदम कमी ऐकू यायचं. नोकरी, आणि ल्यूथरन चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर, या दोन जागी त्यांचं राज्य होतं. गावात कुणी गेलं की दफन झाल्यावर सगळे तळघरात जेवायला उतरतात. बायका घरून पदार्थ आणतात आणि मधोमध आर्डिसबाईंचं बटाट्याचं सॅलड असतं. उकडलेली अंडी, मोहरीची चटणी, थोडी लोणच्याची काकडी. दुसऱ्यांच्या पदार्थांवर त्यांचं बारीक लक्ष. "वेगळंच झालंय हं," असं म्हणायच्या. आमच्या मिनेसोटात याहून वाईट शिवी नाही. तो पदार्थ परत कुणी आणत नाही.

आमच्या प्रयोगशाळेत नाताळाच्या आधी असंच एक जेवण असतं. प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा, भांड्याच्या तळाला नावाची चिकटपट्टी लावायची. हॅम मात्र साहेबांचं. डॉ. लोवेल क्रेगर, पोटाच्या विषाणूंतलं मोठं नाव, चर्चच्या पंचमंडळाचे अध्यक्ष, साठी ओलांडलेले. हॅम ते स्वतः कापतात आणि काप बोटांनी उचलून प्रत्येकाच्या ताटलीत ठेवतात. काट्याने मांस फाटतं म्हणे. त्यांच्या मागच्या भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र लावलेलं आहे, तेही त्यांनीच काढून घेतलेलं.

त्या वर्षी जेवण झालं, गाणी झाली, आणि दीड दिवसाने सगळी प्रयोगशाळा आडवी झाली.

मी त्या आजाराचं वर्णन करत नाही. ज्यांनी भोगलाय त्यांना गरज नाही. एवढंच सांगते, की स्नानघराच्या फरशीवर गाल टेकून पडले होते, तेव्हा मनात पहिला विचार आला तो हा: नमुना वाया जातोय. मी उठले, डबी घेतली, नाव-तारीख घातली. माझ्या नवऱ्याने दारातून पाहिलं आणि दार ओढून घेतलं. सोमवारी सावलीसारखी माणसं कामावर आली तर प्रत्येकाच्या पिशवीत डबी! कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं. साहेब तर दोन घेऊन आले. शीतकपाटात रांगेने लावलेल्या त्या डब्या बघून त्यांचे निस्तेज डोळे चमकले. "इतका ताजा माल," म्हणाले, "आजवर मिळाला नव्हता."

आजारी नव्हत्या फक्त आर्डिसबाई. सोमवारी त्या गुलाबी गालांनी भट्टीपाशी उभ्या होत्या.

"मी म्हणतेच," त्या म्हणाल्या. "शिस्त नाही तुम्हाला."

हे त्यांनी बोलायला नको होतं. कारण तोपर्यंत सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न फिरत होता: सगळे झोपले, मग हीच कशी उभी? हिने आपलं सॅलड खाल्लं नसेल. का नसेल खाल्लं? अंडी, मेयोनेज, आणि ते ठेवलं होतं खोली तापवणाऱ्या गरम नळीपाशी. वेंडेल हाउगन हा आमच्यातला हुशार संशोधक. त्याने हळूच विचारलं, "आर्डिसबाई, तुमच्या भांड्यात काही उरलंय का? तपासून टाकू."

"उरलेलं मी फेकलं. भांडं भट्टीतून काढलं."

"घरचं भांडं? भट्टीतून?"

"मग? इथली शिस्तच आहे ती. इथून बाहेर जाणारं भांडं मी तसंच सोडते का?"

एकशे एकवीस अंशांच्या वाफेत सॅलडचं निर्दोषत्व साफ निर्जंतुक होऊन गेलं होतं. वेंडेल म्हणाला, "बरोबर आहे, बरोबर आहे." आणि सगळे आपापल्या टेबलाकडे वळले.

आता दुसऱ्या कुठल्या गावात भांडण झालं असतं. कुणीतरी तोंडावर म्हटलं असतं, बाई, तुमच्या सॅलडने मारलं आम्हाला. बाईंनी त्याला उभा-आडवा घेतला असता, दोन दिवस धुसफुस झाली असती आणि मिटलं असतं. आमच्याकडे कुणी काही म्हणालंच नाही. त्यामुळे आर्डिसबाईंना नाही म्हणायची सोयच उरली नाही. आमची आतडुलीसुद्धा विषाणू शिरला की बोंब मारतात. आम्ही हवापाण्याबद्दल बोलतो.

घरी मात्र प्रत्येकजण बोलला. जानेवारीत म्हातारे हाल्वरसन गेले. जमीन दगडासारखी गोठलेली, तरी दफनाला गर्दी झाली, आणि सगळे तळघरात जेवायला उतरले. मी कॉफी ओतत होते. आर्डिसबाई सॅलडच्या मागे हातात मोठा चमचा घेऊन उभ्या. माणसं यायची, भांड्याकडे बघून कौतुकाने मान हलवायची, "वा, आर्डिस, किती छान दिसतंय!" म्हणायची, आणि पुढच्या मकरोनीकडे सरकायची. पाळकांनी तेवढं धर्म म्हणून एक चमचा घेतलं. नंतर ताटल्या गोळा करताना ते त्यांच्या कागदी रुमालाखाली सापडलं. सापडलं तेही नेमकं आर्डिसबाईंनाच.

त्या भरलेलं भांडं घेऊन बर्फातून गाडीकडे चालल्या होत्या. मी दार उघडून धरलं.

"थंडीत भूक मरते लोकांची," मी म्हणाले.

"मकरोनीची नाही मेली," त्या म्हणाल्या आणि भांडं पुढच्या आसनावर ठेवून त्याला पट्टा लावला. मला इतकं वाईट वाटलं, की घरी जाऊन मी नवऱ्यावर विनाकारण खेकसले.

दुसऱ्या सकाळी त्या थेट साहेबांच्या खोलीत शिरल्या. साहेब लहान असताना रविवारच्या शाळेत सोळा-सतरा वर्षांच्या आर्डिसबाई त्यांना बायबलच्या गोष्टी शिकवायच्या. त्यामुळे राग आला की डॉक्टरचा लोवेल व्हायचा.

"लोवेल, मी माझं सॅलड खाल्लं होतं. दोनदा घेतलं होतं. तू एवढा विषाणूचा पंडित, मग सिद्ध कर."

साहेबांचे डोळे लकाकले, पण सॅलडसाठी नव्हे. पाचांतल्या एखाद्या माणसाला जन्मतःच या विषाणूची लागण होत नाही, निदान त्याच्या नेहमीच्या जातीची तरी नाही. आतड्याच्या पेशींवर एक साखर असते, विषाणू तिला धरून आत शिरतो, आणि या माणसांना ती साखरच नसते. थुंकी तपासली की कळतं. आर्डिसबाई थुंकल्या, आणि दुपारपर्यंत निकाल आला: साखर नाही.

साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. "आर्डिसबाई निर्दोष आहेत," ते म्हणाले. "त्यांनी पातेलंभर सॅलड खाल्लं असतं तरी त्यांना काही झालं नसतं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आर्डिसबाई क्षणभर खुलल्या. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे हे शिस्तीमुळे नाही?"

"नाही हो. हे आईवडिलांकडून आलेलं आहे. एक गोष्ट कमी असते, एवढंच."

"कमी असते," त्या पुटपुटल्या. जन्मभर ज्याचा तोरा मिरवला ते निव्वळ एक उणेपण निघालं होतं. तेवढ्यात वेंडेलला राहवलं नाही. हुशार माणसांचं हे असंच असतं.

"पण मग," तो म्हणाला, "सॅलडबद्दल तर यातून काहीच सिद्ध होत नाही. म्हणजे, त्यात विषाणू असता तरी त्या ठणठणीतच राहिल्या असत्या. उलट..." आणि त्याने आमचे चेहरे पाहून वाक्य तिथेच सोडलं.

आर्डिसबाईंवरचा आरोप गेला आणि सॅलडवरचा पक्का झाला. टाळ्या वाजवलेले हात कुठे ठेवावेत ते कुणाला कळेना.

साहेबांना याचं काही नव्हतं. बंद दाराचं, म्हणजे ती साखर नसलेलं, आतडं त्यांना केव्हापासून हवं होतं. आमच्याकडचे डोनर बहुतेक उघड्या दाराचे. बंद दाराचे जे होते ते नीट वाढत नव्हते. दुसऱ्या दिवशी ते स्वतः भट्टीपाशी गेले. साहेब भट्टीपाशी येणं म्हणजे हत्ती अंगणात येणं.

"आर्डिसबाई, एक विनंती होती. चिमूटभर आतडं द्याल का?"

"आणि तू काय देशील?"

"मी?"

"सुगीच्या रविवारी तळघरात जेवण असतं. अख्ख्या गावासमोर माझं सॅलड खायचं. चमचाभर नाही, ताटलीभर. तू खाल्लंस की सगळे खातील."

साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. विषाणूंबद्दल फार माहिती असलेल्या माणसाला घरचं जेवण अवघड जातं. नाताळानंतर तर ते पाकीटबंद बिस्किटांवर जगत होते. पण आतड्याचा मोह मोठा. "कबूल," ते म्हणाले.

आर्डिसबाईंनी कामाच्या दिवशी सुटी घेतली, हे तेव्हा पहिल्यांदाच घडलं. घशातून नळी गेली, चिमूट निघाली, आणि माझ्याकडे बर्फाच्या डब्यात आली ती डोनर एकोणीस या नावाने. नाव घ्यायचं नाही असा नियम आहे. सगळ्या प्रयोगशाळेला माहीत होतं, पण कुणी नाव घेतलं नाही. मी आजवर इतकी आतडी वाढवली, पण असं आतडं पाहिलं नाही. पहिल्याच आठवड्यात थेंब भरून गोळे. जोमदार, गोल, एकाही गोळ्याने मान टाकली नाही. आर्डिसबाई रोज येऊन सूक्ष्मदर्शकातून बघायच्या.

"आमच्या वडिलांकडची चण," म्हणायच्या. "मजबूत."

मग नीतिसमितीचं पत्र आलं. वेंडेलने सगळी कागदपत्रं नियमाप्रमाणे पाठवली होती आणि प्रामाणिकपणे सॅलडचाही उल्लेख केला होता. समितीने दोन बैठका घेऊन ठरवलं, की आतडं देणाऱ्याला त्याबदल्यात कुठलंही आमिष दाखवता येत नाही, आणि संशोधकाने डोनरचं सॅलड सार्वजनिकरीत्या खाणं हे आमिष आहे. आतडं ठेवायला हरकत नाही. सॅलड खाता येणार नाही.

साहेबांनी ते आर्डिसबाईंना वाचून दाखवलं तेव्हा आवाज दुःखी होता. पण आनंद लपवणं त्यांना कधीच जमलेलं नाही.

"म्हणजे माझं आतडं तुझ्याकडे राहणार," आर्डिसबाई म्हणाल्या, "आणि माझं सॅलड माझ्याकडे."

"नियम आहे."

त्या दिवशी भट्टीचं दार त्यांनी इतक्या जोरात आपटलं, की दुरुस्तीला माणूस बोलवावा लागला.

उन्हाळाभर डोनर एकोणीस गाजत राहिली. विषाणू कितीही ओता, आतडुली ढिम्म. मग साहेबांनी पुढचं पाऊल टाकलं. जी साखर नव्हती ती बनवण्याचा गुण त्या पेशींत बाहेरून घातला, आणि परत विषाणू सोडला. या वेळी तो आत गेला. पेशी फुगल्या, फुटल्या, शेजारच्यांना बोंब मारून सावध करू लागल्या. दार नेमकं तेच होतं हे सिद्ध झालं. साहेब मार्गिकेतून जवळजवळ नाचत आले. कॅनडा, जपान, नेदरलँड्स, कुठून कुठून मागण्या आल्या. मी डोनर एकोणीसच्या कुप्या कोरड्या बर्फात घालून पाठवत होते. ज्या बाईच्या हातचा चमचाभर बटाटा गावात कुणी घेत नव्हतं, तिचं आतडं तीन खंडांतली माणसं रांग लावून मागत होती.

मी त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली फुटलेल्या पेशी दाखवल्या. त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

"सबंध माझ्यात ही एकच गोष्ट होती जी कधी आजारी पडली नाही," त्या म्हणाल्या. "तिलाही आजारी पडायला शिकवलंत तुम्ही." मग चष्मा घालून भट्टीकडे गेल्या. या वेळी मला हवापाण्यावरही बोलवेना.

सप्टेंबरात वेंडेलने नाताळच्या डब्यांचा हिशेब मांडला. प्रत्येकाच्या नमुन्यातल्या विषाणूची बारीक ओळख पटवून कुणाचा कुणाकडून आला ते त्याने शोधलं होतं. सगळे बैठकीच्या खोलीत जमलो. आर्डिसबाई कॉफीचे कप गोळा करायला आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या.

"गंमत अशी," वेंडेल म्हणाला, "की जेवणाच्या दिवशी सकाळी आपण निरोगी माणसांचे नमुनेही घेतले होते. आतड्याच्या प्रतिकारशक्तीच्या प्रयोगासाठी. आपल्याच लोकांचे. त्यांतल्या एका निरोगी नमुन्यात विषाणू आधीच खच्चून भरलेला होता. जेवणाआधी. आणि बाकी सगळे त्याचीच पिल्लं आहेत."

"वा!" साहेब खुर्चीत पुढे सरकले. "कोण हा? म्हणजे नाव नको. वय, लिंग?"

वेंडेलने पडद्याकडे पाहिलं, आणि त्याच्या मानेपासून कानापर्यंत लाली चढत गेली. आकड्यांमागचा माणूस त्याने आतापर्यंत पाहिलाच नव्हता. "पुरुष," तो म्हणाला. "वय... साठीच्या पुढचं."

आमच्याकडे साठीच्या पुढचा पुरुष एकच आहे. आम्ही सगळे कॉफीत बघायला लागलो. साहेबांचा उत्साह अजून टिकून होता. "त्याने अन्नाला हात लावला असणार! भरपूर हात लावला असणार! काय वाढत होता तो..." आणि मग ते थांबले. उजवा हात हळूच टेबलाखाली गेला.

"नातवाला गाडीत उलटी झाली होती," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "आदल्या आठवड्यात. मी पुसली. मला काहीच झालं नव्हतं, जरासं मळमळलं फक्त."

आर्डिसबाईंनी कपांचा ट्रे खाली ठेवला. "हॅम कोण वाढत होतं?"

वेंडेलने घाईने पडद्यावरचं चित्र बंद केलं.

"लोवेल. हॅम कोण वाढत होतं?"

"नाव घेता येत नाही, आर्डिसबाई," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "नियम आहे."

आर्डिसबाई ट्रे उचलून निघून गेल्या. मला वाटलं, आता ही बाई गावभर दवंडी पिटणार, आणि पिटावीच. त्यांनी चकार शब्द काढला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "त्याला नाव घ्यायचं नाही, तर मी कशाला घेऊ?" हा मोठेपणा होता की हट्ट, मला आजही सांगता येत नाही. माझ्या मते हट्टच.

तशी दवंडीची गरजही नव्हती. आम्ही कुणीच नाव घेतलं नाही, आणि आठवड्याभरात गावाला सगळं कळलं. गंमत ही, की साहेबांचं कळल्याने सॅलडचं काही सुधारलं नाही. लोकांच्या मनातून एक गोष्ट काढून दुसरी ठेवता येत नाही, दोन्ही शेजारी शेजारी राहतात.

सुगीचा रविवार आला. चर्च भरलं होतं. त्या दिवशी प्रभुभोजनाच्या दोन रांगा असतात. एका रांगेला पाळक भाकर देतात, दुसऱ्या रांगेला पंचमंडळाचे अध्यक्ष. घरी भाजलेली मोठी भाकर असते, तिचा तुकडा बोटांनी मोडून समोरच्याच्या तळहातावर ठेवायचा. साहेब पांढरा झगा घालून ताट धरून उभे राहिले.

पहिला वेंडेल उठला, आणि पाळकांच्या रांगेत गेला. मग त्याची बायको. मग मी. नऊ महिन्यांनी त्या हातांवर काहीही असणं शक्य नाही, हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी गेले. पाय गेले म्हणा. आमच्यामागून बाकीचेही, कुणी कारण न विचारता, अगदी शांतपणे, पाळकांच्या बाजूला सरकले. रांग दारापर्यंत गेली. पलीकडे साहेब भरलेलं ताट घेऊन रिकाम्या जागेसमोर उभे. ओठांवर हसू तसंच धरलेलं.

आर्डिसबाई आमच्या रांगेत माझ्या लगेच मागे होत्या. त्यांनी तिकडे पाहिलं. पाहत राहिल्या. मग रांग सोडून, आपल्या जाड टाचांचा आवाज करत, सगळ्यांच्या देखत सरळ साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि तळहात पसरला.

"हात धुतलेस ना, लोवेल?" त्यांना हळू बोलता येत नाही.

"दोनदा."

"मग दे. मोठा मोड, मला भूक लागलीय."

भाकर देताना म्हणायचे शब्द, प्रभूचं शरीर वगैरे, साहेब विसरूनच गेले. त्यांनी भाकरीचा जवळजवळ चतकोर मोडून दिला. आर्डिसबाईंनी तिथेच उभं राहून तो शांतपणे चावून चावून खाल्ला. मला फार लाज वाटली. पण मी रांग सोडली नाही.

खाली तळघरात जेवणं सुरू झाली. आर्डिसबाई चमचा घेऊन आपल्या भांड्यामागे उभ्या होत्या, भांडं काठोकाठ. कौतुकं झाली, मकरोनी संपत आली. साहेब जिना उतरून आले. झगा काढलेला, कॉलर घामाने भिजलेली. त्यांनी ताटली घेतली आणि त्या सॅलडसमोर जाऊन थांबले.

वेंडेल घाईघाईने पुढे झाला. "डॉक्टर, समितीला कळवावं लागेल."

"कळव."

त्यांनी ताटली पुढे केली. आर्डिसबाईंनी वाढलं, हात आखडता न घेता. साहेब बसले नाहीत, तिथेच, सगळ्यांच्या मध्ये उभे राहून खाऊ लागले. भीती त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होती. प्रत्येक घासाआधी ते काट्यावरच्या अंड्याकडे बघत, मग डोळे मिटून गिळत. ताटली रिकामी झाली.

"कसं झालंय?" आर्डिसबाईंनी विचारलं.

साहेबांनी तोंड पुसलं. "मीठ कमी आहे," ते म्हणाले.

आर्डिसबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतक्या महिन्यांत त्यांच्या सॅलडबद्दल त्यांच्या तोंडावर कुणी खरं बोललेलं ते पहिलंच वाक्य होतं.